बेकी हॅमनला गद्दार म्हणण्याआधी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा.

परवा आमच्या माजी खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका पोरीवरून चांगलंच वाजलं. मुलगी आमच्याच जिल्ह्यातली. नाव लिहीत नाही, तिला उगाच त्रास नको. आमच्या सिमेंटच्या कोर्टवर ती बास्केटबॉल शिकली. शाळेतून जिल्हा, जिल्ह्यातून राज्य असं खेळत गेली. मग स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत नोकरी लागली आणि आता ती रेल्वेकडून खेळते. सिनियर नॅशनलला रेल्वेचा संघ वेगळा असतो, महाराष्ट्राचा वेगळा. दोघे समोरासमोर आले की आमची पोरगी महाराष्ट्राविरुद्ध बास्केट टाकणार. यावर ग्रुपमधल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, "ज्या मातीत वाढली तिच्याशीच गद्दारी." खाली पटापट अंगठे पडले.

मी तेव्हा गप्प बसले. पण तो "गद्दारी" शब्द दोन दिवस डोक्यातून जाईना. कारण हाच आरोप मी आधी एकदा ऐकला होता, फार लांबच्या एका बाईवर. बेकी हॅमन. आज तिच्याबद्दल लिहायचंय. आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, पण तिची गोष्ट वाचल्यावर ग्रुपवरचं भांडण जरा वेगळं दिसेल असं मला वाटतं.

बेकी माझ्याच वयाची. 1977 चा जन्म. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातलं रॅपिड सिटी हे तिचं गाव. उंची 5 फूट 6 इंच. आपल्याकडे ही उंची बरी वाटते, पण अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये म्हणजे बुटकीच. त्यामुळे ती पॉइंट गार्ड.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी सांगते. पॉइंट गार्ड म्हणजे बॉल घेऊन पुढे येणारा आणि कुणी कुठे पळायचं, पास कुणाला द्यायचा, कधी वेग वाढवायचा, कधी थांबायचं हे ठरवणारा खेळाडू. बाकीचे चार जण स्वतःचं काम बघतात, याला पाचही जणांचं बघावं लागतं. कॉलेजात मीही याच जागेवर खेळायचे. आमचे सर म्हणायचे, बॉलकडे बघू नकोस, बॉल हाताला कळतो, डोळे माणसांवर ठेव. चांगला पॉइंट गार्ड हा अर्धा कोच असतोच. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बेकी कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षं खेळली. हे काही बास्केटबॉलमधलं गाजलेलं नाव नव्हतं. तिथे तिने 2740 गुण केले. त्या विद्यापीठात तोवर मुलींत काय, मुलांतही कुणी एवढे केले नव्हते. शेवटच्या वर्षी, 1998-99 मध्ये, तिच्या संघाने 33 सामने जिंकले आणि फक्त 3 हरले. तीन वेळा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंत निवड.

आणि त्याच 1999 साली डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट झाला तेव्हा एकाही संघाने तिचं नाव घेतलं नाही. एकानेही नाही! दुसरी एक महिला लीग नुकतीच बंद पडली होती, तिथल्या मुरलेल्या खेळाडू बाजारात आल्या होत्या, हे एक कारण. उंची, लहान गाव, लहान कॉलेज, ही बाकीची.

शेवटी न्यूयॉर्क लिबर्टी या संघाने तिला ड्राफ्टबाहेरून घेतलं. तिथे तिच्या जागेवर टेरेसा वेदरस्पूनसारखी दिग्गज होती, त्यामुळे बेकी बरीच वर्षं बेंचवरून उठून खेळत राहिली. 2007 मध्ये तिला सॅन अँटोनियोच्या संघाकडे पाठवलं आणि तिथे ती फुलली. त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ती दुसरी आली. पुढच्या वर्षी तिने संघाला अंतिम फेरीत नेलं.

आता मुख्य मुद्दा.

2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिक. बेकी तिशी ओलांडलेली, म्हणजे ही तिची जवळपास शेवटची संधी. अमेरिकेच्या संभाव्य खेळाडूंची यादी आली, तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. आधीच्या ऑलिंपिकलाही ती कधी अमेरिकेच्या संघात नव्हती. निवडणाऱ्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. अमेरिकेच्या महिला संघाने 1996 पासून 2024 पर्यंत सलग 8 ऑलिंपिक सुवर्णं जिंकली आहेत. बेकीच्या जागेवर त्यांच्याकडे सू बर्ड होती. गर्दी खरोखरच होती.

त्याच सुमारास तिने मॉस्कोच्या सीएसकेए क्लबशी करार केला. डब्ल्यूएनबीए ही उन्हाळ्यातली चार महिन्यांची लीग. तेव्हा तिथल्या सर्वात मोठ्या खेळाडूलाही वर्षाला एक लाख डॉलर मिळत नव्हते. रशियन क्लब त्याच्या कित्येक पट द्यायचे. त्यामुळे उन्हाळा अमेरिकेत आणि हिवाळा रशिया, तुर्की, इटली किंवा स्पेनमध्ये, असं जवळजवळ सगळ्याच मोठ्या खेळाडूंचं आयुष्य होतं. बारा महिने खेळायचं, विश्रांती नाही, गुडघे झिजतात, पण पैसा तिकडेच. डायना टॉरासीचं उदाहरण घ्या. 2015 मध्ये तिच्या रशियन क्लबने तिला पैसे दिले, ते अमेरिकेतल्या लीगमध्ये न खेळता आराम करण्यासाठी! म्हणजे विचार करा.

रशियाने बेकीपुढे आणखी एक गोष्ट ठेवली. नागरिकत्व घे आणि आमच्याकडून ऑलिंपिक खेळ. नियमाप्रमाणे प्रत्येक राष्ट्रीय संघाला असा एक परदेशातून आलेला, नंतर नागरिक झालेला खेळाडू चालतो. बेकीचं रशियाशी रक्ताचं नातं काहीच नव्हतं. अमेरिकेत दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे तिचं अमेरिकन नागरिकत्वही जाणार नव्हतं. ती हो म्हणाली.

मग काय, वादळ. साउथ डकोटाची पोर, जिथे घराघरावर झेंडा असतो, ती रशियाचा लाल ड्रेस घालणार? आपल्या पिढीला शीतयुद्ध आठवत असेल, अमेरिकनांना तर ते चांगलंच आठवतं. बास्केटबॉलमध्ये तर 1972 च्या म्युनिक फायनलची जखम अजून ओली आहे, सोव्हिएत संघाकडून हरलेल्या अमेरिकन पुरुष खेळाडूंनी आपली रौप्यपदकं आजवर घेतलेली नाहीत. अशा देशात अमेरिकेच्या महिला संघाच्या कोच ॲन डोनोवन उघडपणे म्हणाल्या की अमेरिकेच्या काळजात वाढून जी रशियाचा गणवेश घालते ती देशभक्त नाही.

बीजिंगला नशिबाने सेमीफायनलमध्ये अमेरिका विरुद्ध रशिया अशीच गाठ पडली. अमेरिका 67-52 अशी जिंकली. बेकीचा खेळ त्या दिवशी झालाच नाही. पण कांस्यपदकाच्या सामन्यात यजमान चीनविरुद्ध तिने 22 गुण केले, रशिया जिंकला आणि तिच्या गळ्यात पदक आलं. लंडनलाही ती रशियाकडूनच खेळली, तिथे संघ चौथा आला.

मला इथे सरळ प्रश्न पडतो. देशभक्ती नाही असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिला खेळायला जागा दिली होती का? जिला तुम्ही यादीतच घेतलं नाही, तिने घरी बसून टीव्हीवर सामना बघावा आणि टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा होती. म्हणजे निष्ठा तिने दाखवायची, संधी मात्र कुणी द्यायची नाही. असा एकतर्फी हिशोब आपण नोकरीत, संसारात कुठे मान्य करतो का? खेळाडूकडून मात्र करतो.

कुणी म्हणेल, ती पैशासाठी गेली. हो, पैशासाठीही गेली. त्यात लाजायचं काय? ब्रिटनी ग्रायनर तर अमेरिकेची तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेली खेळाडू, तीसुद्धा हिवाळ्यात रशियात खेळायची, पैशासाठीच. 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या कार्ट्रिज सापडल्या, 9 वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. तेव्हा कित्येक अमेरिकनांनी पहिल्यांदा विचारलं, की इतकी मोठी खेळाडू मुळात तिकडे गेलीच कशाला? उत्तर पंधरा वर्षांपूर्वी बेकीने दिलेलं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. इथे मला जास्त रस आहे.

लंडन ऑलिंपिकहून परतताना विमानात बेकीच्या शेजारी ग्रेग पोपोविच बसले होते. सॅन अँटोनियो स्पर्स या पुरुष संघाचे तेव्हाचे कोच, अमेरिकेतल्या सर्वात मानाच्या कोचपैकी एक. गप्पा झाल्या, त्याही बास्केटबॉल सोडून बाकीच्याच जास्त. 2013 मध्ये बेकीच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला आणि खेळ थांबला. त्या सक्तीच्या सुट्टीत ती स्पर्सच्या सरावाला, मीटिंगांना जाऊन बसू लागली. बघायची, ऐकायची, विचारलं तर बोलायची. ऑगस्ट 2014 मध्ये पोपोविच यांनी तिला पगारी, पूर्णवेळ सहायक कोच नेमलं. एनबीएच्या इतिहासात असं पूर्णवेळ पद मिळालेली ती पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी तिच्या हाताखाली स्पर्सच्या तरुण संघाने लास वेगासची समर लीग जिंकली.

30 डिसेंबर 2020 ला लेकर्सविरुद्धच्या सामन्यात पोपोविच यांना पंचांनी बाहेर काढलं. जाताना त्यांनी बेकीकडे बोट केलं. उरलेला सामना तिने चालवला. एनबीएच्या अधिकृत सामन्यात बाईने मुख्य कोचचं काम करण्याची ती पहिली वेळ. सामना 121-107 असा हरले, पण ते कुणाला आठवतं?

एवढं सगळं झालं, तरी मुख्य कोचची नोकरी काही मिळेना. मुलाखतींना बोलवायचे. 2021 मध्ये पोर्टलँडच्या शेवटच्या काही नावांत ती होती. नोकरी चॉन्सी बिलप्स यांना मिळाली. खेळाडू म्हणून ते फार मोठे, त्यात वाद नाही. पण सहायक कोच म्हणून त्यांचा अनुभव एका वर्षाचा होता आणि बेकीचा सात वर्षांचा. एनबीएमध्ये 30 संघ आहेत. आजपर्यंत एकाही संघाने बाईला मुख्य कोच नेमलेलं नाही.

मग पुन्हा तेच. जिथे दार उघडलं तिथे ती गेली. 2021 च्या अगदी शेवटी डब्ल्यूएनबीएच्या लास वेगास एसेस संघाने तिला मुख्य कोच केलं. पहिल्याच वर्षी, 2022 मध्ये, विजेतेपद.  2023 मध्ये पुन्हा विजेतेपद, आणि त्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये समावेश, तोही पोपोविच यांच्यासोबत एकाच समारंभात. 2025 मध्ये तिसरं विजेतेपद. चार वर्षांत तीन.

तिची आरती ओवाळायची नाहीये मला. दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 2023 च्या सुरुवातीला तिच्या संघातल्या डिअरिका हॅम्बी या खेळाडूला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं. हॅम्बी तेव्हा गरोदर होती आणि गरोदरपणामुळेच आपल्याला वाईट वागवलं गेलं असा तिने जाहीर आरोप केला. बेकीने तो नाकारला, निर्णय खेळाचा होता असं सांगितलं. लीगने चौकशी करून बेकीला दोन सामन्यांसाठी बिनपगारी निलंबित केलं. मला हे वाचून वाईट वाटलं होतं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांनी केलेली निवड सोसली, ती स्वतः निवडणाऱ्याच्या खुर्चीत बसल्यावर तिच्यावरही हा प्रसंग आला. म्हणून म्हणते, नुसती एक बाई खुर्चीत बसली की सगळं सुधारत नाही. नियम लागतात, आणि ते तिलाही लागू करावे लागतात.

आता परत आपल्या कोर्टवर येते.

आमचं कोर्ट बघितलंय ना तुम्ही? एका रिंगला जाळी नाही. पाऊस पडला की कोपऱ्यात तळं. लग्नसराईत मैदान मांडवाला जातं आणि मुलींचा सराव पार्किंगमध्ये. त्या पोरीने इथे आठ वर्षं काढली. त्या आठ वर्षांत "आपली माती" कुठे होती? बूट तिच्या आईने भिशीच्या पैशातून घेतले होते, मला माहीत आहे, दुकानात मी सोबत होते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, चांगली गोष्ट आहे. पण त्यात नोकरी मिळते, संघ मिळत नाही. सकाळी दहा ते सहा फाईली बघायच्या आणि खेळ विसरायचा. रेल्वेत पगारही आहे, कोच आहे, सरावाला वेळ आहे, वर्षभर सामने आहेत. बावीस वर्षांच्या मुलीने यातलं काय निवडावं? तुमची मुलगी असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?

गद्दार म्हणणाऱ्या काकांचा मला राग नाही. त्यांनीही या खेळावर प्रेम केलंय, एकेकाळी स्वतःच्या स्कूटरवरून मुलांना मॅचला नेलंय. आपली पोर समोरच्या संघात दिसली की पोटात तुटतं, ते मला कळतं. पण ते तुटणं तिच्या अंगावर काढू नका. तिला थांबवण्यासारखं आपल्याकडे काय होतं, याचा हिशोब आधी मांडू या.

आणि दुसरी गोष्ट, जी बेकीमुळे मला जास्त टोचली. 1999 मध्ये तिला कुणी ड्राफ्टमध्ये घेतलं नाही, त्याच वर्षी मीही खेळ सोडला. मी काही बेकी हॅमन नव्हते, तो गैरसमज नाही. पण माझ्या बॅचच्या पाच जणी होत्या ज्या खेळ वाचायच्या, ज्यांना कोर्टवरच्या दहाही जणी एकदम दिसायच्या. त्यातल्या एकीलाही कुणी म्हटलं नाही, की तू शिकवायला ये. पतियाळाला एनआयएसचा कोचिंगचा डिप्लोमा असतो, हे मला चाळिशीत कळलं. लग्न झालं, नोकरी लागली, आणि खेळाबद्दल जे कळत होतं ते सगळं डोक्यातच राहिलं. पोपोविच यांनी बेकीवर मेहेरबानी केली नाही. सरावाला येऊन बसू दिलं, मत विचारलं, आणि जे दिसलं त्याला पगार दिला. आपल्याकडे पहिली पायरीच नसते. जिल्ह्यात मुलींचे संघ आहेत, पण त्यांना शिकवणाऱ्या बायका किती आहेत ते मोजा. एका हाताची बोटंही पुरून उरतील.

तर माझं म्हणणं एवढंच. गेलेल्या खेळाडूला नावं ठेवायच्या आधी दोन गोष्टी करू या. एक, आपल्या नगरसेवकांना, मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारू या, की लग्नसराईत मुलींच्या सरावाचं काय? लेखी विचारू या. मी अर्जाचा मसुदा करते, सह्या तुम्ही द्या. दोन, आपल्या ग्रुपमधल्या ज्या जुन्या खेळाडू मुली आता घरी किंवा ऑफिसात आहेत, त्यांना रविवारी सकाळी कोर्टवर बोलावू या. आठवड्यातून दोन तास. मानधन गोळा करू या, फुकट बोलवायचं नाही.

ती पोरगी पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतेय. मी तिच्याशी फोनवर बोलले. सत्कार, शाल-श्रीफळ, फ्लेक्स काही नको म्हणाली. "ताई, दोन तास पोरींना घेते, चालेल?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, धावेल.

ज्यांनी अंगठे दिले होते त्यांनीही या. काका, तुम्ही तर याच. रिंगची जाळी मी आणते.

तारीख ठरली की इथेच टाकते. मत वेगळं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त लिहा, फक्त त्या मुलीचं नाव कुणी लिहू नका.